जुने वाय-फाय एन्क्रिप्शन: ओळखावे कसे आणि काढावे कसे

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकाने, गणपती पेठेतील गाळे आणि मिरजेतील लहान दवाखाने यांमध्ये वाय-फायची एक जुनी सवय अजून टिकून आहे, ती म्हणजे मालकाचा दहा आकडी मोबाइल नंबर हाच पासवर्ड ठेवण्याची. तो नंबर दुकानाच्या पाटीवर आणि पावती पुस्तकावर छापलेला असतो, हा दोष तर उघडच आहे. परंतु त्या दहा आकड्यांमुळे आणखी एक शंका घ्यावी लागते. डब्ल्यूईपी या वाय-फायच्या पहिल्या सुरक्षा पद्धतीत पासवर्ड एक तर ५ किंवा १३ अक्षरांचा, नाहीतर शून्य ते नऊ आणि ए ते एफ यांतील १० किंवा २६ चिन्हांचा द्यावा लागतो. मोबाइल नंबर या साच्यात नेमका बसतो. तेव्हा राउटर बराच जुना असेल आणि पासवर्डची लांबी यांपैकी एक असेल, तर पासवर्ड बदलण्याच्याही आधी राउटरवर कोणती पद्धत चालू आहे हे पाहावे, कारण पद्धतच मोडकी असेल तर पासवर्ड कितीही चांगला असून उपयोग होत नाही.

तपासणी दोन मिनिटांची आहे. अँड्रॉइड फोनवर जोडलेल्या नेटवर्कच्या नावापुढील चिन्ह दाबल्यावर तपशिलात 'सिक्युरिटी' अशी ओळ दिसते. आयफोनवर जुनी पद्धत असल्यास नेटवर्कच्या नावाखालीच 'वीक सिक्युरिटी' असा इशारा येतो. विंडोजमध्ये वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी टाइप' पाहावा. तेथे डब्ल्यूईपी दिसल्यास पुढे काही विचार करण्यासारखे नाही, ती बदलायचीच. डब्ल्यूपीए किंवा डब्ल्यूपीए२ या तिच्यानंतरच्या पद्धती दिसल्यास मात्र राउटरच्या पानावर जाऊन एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करण्याची रीत) जुने टीकेआयपी आहे की नवे एईएस हेही पाहणे आवश्यक आहे, कारण फोनवर ते बहुधा कळत नाही.

डब्ल्यूईपी १९९७ च्या मूळ मानकाबरोबर आली. तिच्यात आरसी४ या पद्धतीने एक अंकमाला तयार होते आणि ती माहितीत मिसळून हवेत सोडली जाते. प्रत्येक पॅकेटसाठी (माहितीच्या छोट्या तुकड्यासाठी) अंकमाला वेगळी व्हावी म्हणून पासवर्डच्या पुढे आयव्ही नावाची २४ बिटांची संख्या जोडली जाते, आणि ही संख्या पॅकेटबरोबर उघडच पाठवली जाते. २४ बिटांत १,६७,७७,२१६ एवढ्याच संख्या मावतात. ११ मेगाबिट वेगाचे नेटवर्क सतत भरून वाहत असेल तर त्या सुमारे पाच तासांत संपतात आणि पुन्हा त्याच वापराव्या लागतात. संख्या यादृच्छिक निवडल्या तर सुमारे ४,८०० पॅकेटनंतरच एखादी पुन्हा येण्याची शक्यता निम्मी होते. एकच अंकमाला दोनदा वापरली गेली की दोन पॅकेटांची तुलना करून मूळ मजकुराचा माग काढता येतो. खोक्यावर छापलेल्या '१२८ बिट' या आकड्यातही हे २४ बिट धरलेले असतात, म्हणजे गुप्त भाग १०४ बिटांचाच असतो. '६४ बिट'मध्ये तो ४० वर येतो.

याहून गंभीर दोष २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी दाखवला. काही विशिष्ट आयव्ही वापरल्या गेल्या की आरसी४ च्या अंकमालेतून खुद्द किल्लीचे, म्हणजे पासवर्डचे, तुकडे बाहेर फुटतात, आणि पुरेशी पॅकेट गोळा केली की किल्ली जुळवता येते. २००७ मध्ये ट्यूज, वाइनमान आणि पिश्किन यांनी सुमारे ४०,००० पॅकेटांतून १०४ बिटांची किल्ली मिळण्याची शक्यता ५० टक्के असल्याचे दाखवले. योग्य परिस्थितीत हे काम एका मिनिटात होते. येथे पासवर्डचा अंदाज बांधला जात नाही, तो मोजून काढला जातो. म्हणून मोबाइल नंबरऐवजी अत्यंत अवघड अशी २६ चिन्हे ठेवली तरी डब्ल्यूईपीवर फरक पडत नाही.

तातडीचा उपाय म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि तिच्यातील टीकेआयपी आली. त्या वेळी विकली गेलेली उपकरणे फेकून न देता केवळ फर्मवेअर (उपकरणाच्या आतील सॉफ्टवेअर) बदलून चालावीत, हा तिचा हेतू होता. साहजिकच तिच्या आतही आरसी४ च राहिले. २००८ मध्ये टीकेआयपीवरील पहिले व्यवहार्य हल्ले प्रसिद्ध झाले आणि २०१५ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली गेली. ती डब्ल्यूईपीइतकी विस्कटलेली नाही, हे खरे. पण आज ती चालू ठेवण्याचे एकही चांगले कारण मला दिसत नाही. शिवाय जुनी पद्धत चालू ठेवली की ८०२.११एन या वाय-फायच्या नंतरच्या पिढीचे आणि त्यापुढील वेग मिळत नाहीत आणि जोडणी ५४ मेगाबिटांवर अडते. फायबरचा शंभर मेगाबिटांचा प्लॅन घेऊनही आत वेग येत नाही म्हणून इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी ही नोंद तपासून पाहण्यासारखी आहे.

प्रत्यक्ष बदल करण्यासाठी सौदे नसतील असा दिवस किंवा रात्रीची वेळ निवडावी, कारण बदल केल्याबरोबर पट्टी छापणारा प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, वाय-फायवर चालणारा पेमेंटचा साउंडबॉक्स अशी सगळी उपकरणे तुटतील आणि पुन्हा जोडावी लागतील. संगणक राउटरला लॅन केबलने जोडावा, ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, नक्की पत्ता राउटरच्या पाठीवरील स्टिकरवर असतो) आणि वायरलेस सिक्युरिटीच्या पानावर जावे. तेथे ऑथेंटिकेशनमध्ये 'डब्ल्यूपीए२-पीएसके' आणि एन्क्रिप्शनमध्ये फक्त 'एईएस' निवडावे. 'ऑटो', 'मिक्स्ड' किंवा 'टीकेआयपी+एईएस' हे पर्याय सोयीचे वाटतात, पण त्यांनी जुने दार उघडेच राहते. राउटरवर २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ उपलब्ध असेल आणि सर्व उपकरणे ती स्वीकारत असतील तर तीच घ्यावी. काही उपकरणे अडली तर डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ चा संयुक्त पर्याय चालेल. राउटरच्या यादीत डब्ल्यूपीए२ च नसेल, तर तो बदलण्याला पर्याय नाही. महापुराच्या भीतीने अनेक गाळ्यांत राउटर माळ्याजवळ, छताला टेकवून बसवलेला असतो. त्याच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, मात्र उंचीमुळे त्याची रेंज रस्त्यापलीकडे पोचते.

त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी उरकाव्यात. राउटरचा स्वतःचा 'अॅडमिन' पासवर्ड बदलावा. फर्मवेअर अद्ययावत करावे; २०१७ मध्ये उघडकीस आलेला 'क्रॅक' हा डब्ल्यूपीए२ चा दोष अशा सुधारणेनेच बुजतो, आणि त्यासाठी फोन व संगणकही अद्ययावत असावे लागतात. तिसरी गोष्ट, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून उपकरण जोडण्याची सोय) बंद करावे. त्याचा पिन आठ आकडी असला तरी शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पहिले चार आकडे बरोबर आहेत की नाहीत हे वेगळे सांगतो. त्यामुळे दहा हजार आणि एक हजार मिळून फार तर ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ च्या डिसेंबरात जाहीर झाला, तरी पिनचा पर्याय चालू असलेले राउटर अजून भेटतात.

पासवर्डचा प्रश्न आता येतो. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपून घेऊन नंतर निवांत अंदाज बांधत बसता येते. भारतीय मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता ४०० कोटींच्या आत. सेकंदाला लाखो प्रयत्न करणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचे काम आहे. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिले तर ते पाठही राहतात आणि पुरेसे लांबही होतात.

खरी अडचण येते ती फक्त डब्ल्यूईपी समजणाऱ्या उपकरणाची. उदाहरणार्थ, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधील जुनी बारकोड गन किंवा दवाखान्यातील जुना प्रिंटर. अशा एका उपकरणासाठी सगळे नेटवर्क खाली आणले जाते, आणि माझ्या मते जुनी पद्धत टिकून राहण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. प्रिंटर लॅन किंवा यूएसबी केबलने जोडावा. ते शक्य नसेल तर त्या उपकरणासाठी वेगळा राउटर लावण्याचा सल्ला दिला जातो, पण तो अर्धवट आहे: मुख्य राउटरच्या मागे दुसरा राउटर नुसता केबलने जोडला, तर मागच्या राउटरवरून पुढच्या नेटवर्कमधील संगणकांपर्यंत सहसा पोचता येते, म्हणजे डब्ल्यूईपी फोडणारा थेट हिशेबाच्या संगणकासमोर येऊन उभा राहतो. तो राउटर गेस्ट नेटवर्कला किंवा वेगळ्या व्हीलॅनला (त्याच राउटरवरील अलग केलेल्या नेटवर्कला) जोडलेला असला पाहिजे. ही सोय नसेल तर बारकोड गन बदलणेच स्वस्त पडते.

नेटवर्कचे नाव लपवणे आणि ठराविक मॅक पत्त्यांनाच (उपकरणांच्या ओळख क्रमांकांनाच) परवानगी देणे, या दोन्हींवर विसंबू नये. मॅक पत्ते हवेत उघडच फिरतात आणि त्यांची नक्कल करता येते. शेजाऱ्याचे वाय-फाय 'तपासून' पाहण्याच्या फंदातही पडू नये, कारण परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकतो. उलट बाजूही ध्यानात घ्यावी: २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल नवी मुंबईतील एका रहिवाशाच्या वाय-फायवरून पाठवला गेला होता आणि तपास प्रथम त्याच्याच दारात पोचला होता.

काढून टाकलेला राउटर भंगारात देण्यापूर्वी त्यामागील बारीक छिद्रातील रीसेटचे बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, कारण त्यात वाय-फायच्या पासवर्डबरोबर इंटरनेट जोडणीचे यूजरनेम आणि पासवर्डही साठवलेले असू शकतात.