राइडिंग मॉवर: आधी नंबर, मग पाना

बसून चालवायच्या गवतकापणी मशिनचा पार्ट मागवताना फसगत होते ती बहुतेक वेळा बॉनेटवरच्या नावामुळे. तिथे मोठ्या अक्षरांत कंपनी, हॉर्सपॉवर आणि '४२ इंच' असं लिहिलेलं असतं आणि तेवढं सांगून बेल्ट मागवला जातो. येतो तो चार बोटं लांब. एकाच नावाची मशिनं वर्षानुवर्षं विकली जातात, पण मधल्या काळात पुली, स्पिंडल (पातं ज्यावर फिरतं तो आस), कधी अख्खा गिअरबॉक्स बदललेला असतो. पार्ट ठरतो तो मॉडेल नंबरावरून.

हा नंबर बहुधा सीटखाली असतो. सीट पुढे उलटली की स्टिकर किंवा पत्र्याची पट्टी दिसते. तिथे नसेल तर मागच्या मडगार्डखाली, बॉनेटच्या आत किंवा चॅसिसच्या पट्टीवर पाहा. स्टिकर ओल्या फडक्यानेच पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावलात तर मातीबरोबर अक्षरंही जातील. पुसट झालं असेल तर टॉर्च आडवा धरून फोटो काढा आणि तो मोठा करून वाचा. शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' यांत गल्लत होते. सिरियल नंबरही उतरवून ठेवा, कारण 'या सिरियलपर्यंत हा पार्ट, पुढे तो' अशी विभागणी पुष्कळदा असते.

विकणारं नाव एक आणि बनवणारा दुसरा, असंही असतं. अमेरिकेतल्या सिअर्स या दुकानसाखळीने विकलेल्या क्राफ्ट्समन मशिनांवर मॉडेल नंबरातले पहिले तीन आकडे कारखाना सांगतात. ९१७ असेल तर पुढे हुस्कवार्ना कंपनीकडे गेलेला कारखाना, २४७ असेल तर एमटीडी कंपनी. त्यामुळे अशा जुन्या मशिनचा पार्ट मूळ उत्पादकाच्या यादीतही सापडू शकतो.

इंजिनाचा हिशोब वेगळा. त्याचा नंबर मशिनच्या स्टिकरवर शोधू नका, तो इंजिनवरच असतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनवर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन गट पंख्यावरच्या पत्र्यावर किंवा व्हॉल्व्ह कव्हरवर ठोकलेले असतात. मॉडेलचे पहिले दोन आकडे म्हणजे घन इंचांतली क्षमता. ३१ म्हणजे ३१ घन इंच, साधारण ५०० सीसी. कोडमध्ये वर्ष, महिना, दिवस असतो: १५०३१२ ने सुरू होत असेल तर इंजिन १२ मार्च २०१५ चं. कोहलर कंपनीच्या इंजिनवर मॉडेल, स्पेक (त्या इंजिनाची नेमकी आवृत्ती) आणि सिरियल असतं, आणि तिथे पार्टसाठी स्पेक नंबर हवाच. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, गिअरबॉक्सवरही त्याची स्वतःची पट्टी असते.

पार्टांच्या आकृतीत बाणाशेजारी छोटा आकडा असतो, समजा ३७. तो फक्त त्या चित्रातला क्रमांक. खरा पार्ट नंबर यादीत, ३७ समोर. कधी तो नंबर बंद होऊन नवा आलेला असतो. तसा उल्लेख दिसला तर नवाच मागवा, तो त्याच जागी बसतो.

बेल्ट आणि पातं

मशिनला निदान दोन बेल्ट असतात, एक चाकांसाठी आणि एक डेकसाठी, म्हणजे पाती झाकणाऱ्या खालच्या पत्र्याच्या भागासाठी. जुन्या बेल्टवरचा नंबर वाचता आला तर उत्तम, कारण वापरलेला बेल्ट ताणलेला असतो आणि दोरीने मोजलेली लांबी जास्तच येते. मोजायचंच झालं तर बाहेरचा घेर मोजा. रुंदी बहुधा अर्धा किंवा पाच अष्टमांश इंच असते. गाडीचा, त्याच मापाचा बेल्ट लावू नका. इथे बेल्ट सतत घसरत पकडतो आणि आयडलर पुली (बेल्ट ताणून धरणारी पुली) त्याच्या पाठीवर दाबते, म्हणून यातले दोर अरामिडचे आणि कापडी आवरण जाड असतं. काढण्याआधी वळणांचा फोटो घ्या.

नवा बेल्ट महिन्याभरात तुटला तर बेल्टला दोष देण्याआधी पुल्या हाताने फिरवा. खरखर आवाज येणारी, डुगडुगणारी किंवा न फिरणारी पुलीच त्याला जाळते. एका कडेने घासलेला बेल्ट म्हणजे पुली वाकडी. चकाकलेला, कडक झालेला बेल्ट म्हणजे घसरत होता: स्प्रिंग सैल तरी झाली असेल किंवा बेल्टवर तेल गळत असेल.

पात्याचं माप एका टोकाच्या धारेपासून समोरच्या टोकापर्यंत तिरपं घ्या. ४२ इंची डेकवर बहुधा २१ इंचांच्या आसपासची दोन पाती असतात. लांबीइतकंच महत्त्वाचं मधलं भोक: गोल, पाच टोकांचा तारा, सहा टोकांचा तारा, असे प्रकार आहेत. गोल भोकाचं पातं ताऱ्याच्या स्पिंडलवर 'बसवून घेऊ' नका. ते फिरताना सुटलं तर काय होईल, ते सांगायला नको.

पात्याला हात लावण्याआधी किल्ली काढा आणि स्पार्क प्लगची वायर सोडवा, दोन सिलिंडर असतील तर दोन्ही. पुढची बाजू नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, पक्के स्टँड लावा. धार मूळ कोनातच लावा, दाढी करायच्या पात्यासारखी पातळ नको. मग मधल्या भोकातून खिळ्यावर टांगा. जी बाजू खाली जाईल ती अजून घासा. असंतुलित पात्याचा हादरा स्पिंडलच्या बेअरिंगवर जातो. बसवताना पंखासारखी वळलेली कड वर, डेककडे. उलटं बसलेलं पातं गवत कापत नाही, झोडपतं. बोल्टचा टॉर्क मॅन्युअलमध्ये पाहून टॉर्क रेंचनेच आवळा.

स्पिंडल घरघरत असेल तर अख्खी जुळणी घेण्याआधी बेअरिंगच्या सीलवरचा नंबर पाहा, कारण पुष्कळदा नुसतं बेअरिंग बदलून भागतं. पण ६२०३ लिहिलंय म्हणून डोळे मिटून घेऊ नका. साध्या ६२०३ चं आतलं भोक १७ मिलिमीटर असतं, काही मॉवरमध्ये मात्र बाहेरून तेच दिसणारं, पाच अष्टमांश इंच म्हणजे १५.८८ मिलिमीटर भोकाचं येतं. कॅलिपर लावा.

कापलेल्या गवतावर एका बाजूला पट्टे उमटत असतील तर आधी टायर पाहा. हवा कमी असलेल्या चाकाकडे डेक कलतो. दाब टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतका नव्हे, मॅन्युअलप्रमाणे ठेवा; तो बराच कमी असतो. मग सपाट जागी दोन्ही बाजूंची पाती जमिनीपासून मोजा, फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा. पात्याचं पुढचं टोक मागच्यापेक्षा साधारण ३ ते ६ मिलिमीटर खाली.

इंजिन

तेल दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. नव्या इंजिनात पहिली बदली ५ ते ८ तासांनंतर. एका सिलिंडरच्या इंजिनात साधारण १.४ लिटर, दोन सिलिंडरच्या व्ही-ट्विनमध्ये फिल्टरसह १.९ लिटरच्या आसपास तेल मावतं, तरी शेवटचा शब्द डिपस्टिकचा. उष्ण हवेत एसएई ३०, थंडीत १०डब्ल्यू-३०. जास्त भरलेलं तेल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये चढतं आणि मशिन निळा धूर सोडतं. असा धूर दिसला की लोक पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणतात. आधी डिपस्टिक पाहा. प्लगची फट बहुतेक इंजिनांत ०.७६ मिलिमीटर.

स्टार्टर अर्धा फेरा मारून अडकतो, पुन्हा किल्ली दिली की कधी फिरतो, कधी नाही. अशा वेळी बॅटरी, मग स्टार्टर, मग सोलेनॉइड (स्टार्टरला वीज देणारा विजेचा खटका) बदलत जाण्यात पैसे जातात. बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल आणि तारा घट्ट असतील तर व्हॉल्व्हची फट तपासा. सुरू होताना सिलिंडरमधला दाब थोडा सोडण्यासाठी कॅमवरचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरचा) छोटा उंचवटा व्हॉल्व्ह किंचित उचलतो. फट वाढली की त्याचा धक्का वाया जातो आणि स्टार्टरला पूर्ण दाबाशी झगडावं लागतं. थंड इंजिनवर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावरून ६ मिलिमीटर खाली आणा आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ब्रिग्जच्या बऱ्याच ओव्हरहेड व्हॉल्व्ह सिंगल इंजिनांत इनटेक ०.०८ ते ०.१३, एक्झॉस्ट ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर. तुमच्या मॉडेलचे आकडे एकदा पडताळून घ्या.

स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाही, असं असेल तर किल्ली चालू करून कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या, पेट्रोलची वाट उघडणाऱ्या वेगळ्या सोलेनॉइडला कान द्या. 'टिक' आलं नाही तर पेट्रोल अडलंय. टिक आलं तर बहुधा जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, चिकटलाय: पेट्रोल ३० दिवसांत शिळं व्हायला लागतं. किल्ली फिरवल्यावर काहीच हालचाल नसेल तर फ्यूज, मग ब्रेक पेडलचा आणि पात्याच्या खटक्याचा स्विच. पाती चालू असताना सीटवरून उठताच इंजिन बंद होतं, तो बिघाड नाही, सुरक्षेची सोय आहे. ते स्विच वायर जोडून कायमचे 'बायपास' करू नका, अवघ्या चार स्क्रूंचं काम असलं तरी.

नवा पार्ट आला की जुना त्याच्याशेजारी ठेवून भोकं, लांबी, दातांची संख्या जुळवा आणि मगच पाकीट पूर्ण फाडा. ग्रीस लागलेला पार्ट कोणी परत घेत नाही.