वर्षभराची पक्षीयादी ठेवताय? या चुका टाळा

1 जानेवारीच्या पहाटे पुण्याजवळ कवडीच्या बंधाऱ्यावर गेलात, तर दुर्बिणी घेतलेले बरेच जण भेटतील. त्या दिवशी सगळ्यांची यादी कोरी असते, म्हणून कावळाही लिहिला जातो, पारवाही आणि पाण्याकडेचा वंचकही. मार्च येईपर्यंत याच वह्यांमधून कावळा आणि पारवा नाहीसे होतात. ते एकदा 'झाले' ना! आता नजर फक्त न झालेल्यांवर.

मी बरीच वर्षं वर्षाची यादी, म्हणजे एका वर्षात आढळलेल्या पक्षीजातींची नोंद, ठेवते आहे आणि नव्यांच्या याद्या तपासायलाही मदत करते. यादी बिघडते ती दुर्मिळ पक्ष्यामुळे, असा समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. यादी बिघडते ती आकड्याच्या घाईत, रोजच्या साध्या पक्ष्यांच्या नोंदीत.

फक्त 'नवीन' पक्षी लिहिणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर थोडं सविस्तर.

ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर किंवा त्याच्या अॅपवर, यादी पाठवताना एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत नोंदवलेत का? बहुतेक जण विचार न करता 'हो' करतात. या एका उत्तरावर पुढचं पुष्कळ उभं असतं. एखाद्या भागात एखादा पक्षी वाढतोय की घटतोय, हे काढायची रीत साधी आहे. तिथल्या दर शंभर पूर्ण, म्हणजे 'हो' म्हटलेल्या, याद्यांपैकी किती याद्यांत तो पक्षी आहे, ते बघायचं आणि वर्षावर्षांची तुलना करायची. 2023 साली आलेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात 942 जातींचा आढावा आहे. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या शनिवार-रविवारच्या याद्यांवर.

आता समजा, समोर साळुंक्या किलबिलत असताना वीस जणांनी त्या लिहिल्या नाहीत आणि तरी 'हो, सगळे नोंदवले' असं सांगितलं. शेतात साळुंकी आहे तेवढीच आहे, पण कागदावर ती कमी झाली. चिमणीचं, घारीचं, चीरकाचं हेच होतं.

उपाय: यादी सुरू केलीत की पंधरा मिनिटं तरी जे दिसेल-ऐकू येईल ते सगळं लिहा. कावळ्यापासून सुरुवात करा, म्हणजे तो राहणार नाही. गाडीतून जाताना एकच धाविक दिसला आणि तेवढाच लिहायचा असेल, तर तसं जरूर करा, पण मग त्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर द्या. अशी एकट्या पक्ष्याची नोंदही तुमच्या वर्षाच्या यादीत धरली जाते. तुमचा आकडा जराही कमी होत नाही, मग खोटं 'हो' कशासाठी?

याच्या जोडीला संख्येची चूक येते. पक्षी होता एवढंच सांगायला आकड्याच्या जागी 'एक्स' टाकतात. मोजणं शक्य नव्हतं तर ठीक, पण तीन टिटव्यांना एक्स कशाला? थवा मोठा असला तरी अंदाज घेता येतो. उजनी धरणाच्या काठी भिगवणला रोहित पक्ष्यांचा थवा उतरला की आधी दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत धरायचं, मग तेवढे तुकडे पूर्ण थव्यावर मोजत जायचं. सरावाने हे चांगलं जमतं. 'सुमारे 350' ही नोंद एक्सपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

रात्री घरी येऊन यादी लिहिणं

दिवसभराच्या उन्हानंतर आठवणीतून लिहिलेल्या यादीत ठळक पक्षी राहतात आणि धोबी, वटवट्या, सुगरण गळतात. शिवाय सकाळी कुठे काय दिसलं ते एकमेकांत मिसळतं. जागेवरच लिहा, फोनमध्ये किंवा खिशातल्या वहीत. मी अजूनही छोटी वही ठेवते, कारण पावसात आणि भर उन्हात फोनचा पडदा नीट दिसत नाही.

आणि सबंध सहलीची एकच यादी करू नका. पुण्याहून निघून वाटेतल्या माळरानावर थांबलात, मग भिगवणला नावेत बसलात, संध्याकाळी परतताना एखाद्या तळ्यावर उतरलात आणि हे सगळं 'भिगवण' या एका ठिपक्यावर चढवलंत, तर माळावरचा चंडोल उजनीच्या पाण्यात जाऊन बसतो. जागा बदलली की यादी बंद करा, नवी सुरू करा. एक तासाच्या आतली, एक-दोन किलोमीटर चालून केलेली यादी सगळ्यात उपयोगी.

ठिकाण चुकणं

ठिकाण चुकलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्या खानदेशातलंच आहे. रानपिंगळा 1884 नंतर कुणाला खात्रीने सापडला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मात्र आपल्याकडचा नमुना 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचं लिहून ठेवलं होतं. पुढे उघड झालं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला होता. मूळचा तो 1880 च्या दशकात खानदेशात जमवलेला होता आणि त्याच्यावर नवी चिठ्ठी चिकटवलेली होती. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. ती बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर गेलेल्या अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला.

ती लबाडी होती, आपल्या हातून होते ती चूक. पण पक्षी भलत्या जागी जातो हा परिणाम तोच. चोर्ला घाटात महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक एकमेकांना टेकतात. तिथे नकाशावर पिन बोटभर सरकली की पक्षी शेजारच्या राज्यात गेला. ज्यांना 'माझ्या महाराष्ट्राच्या यादीत हा का दिसत नाही?' असा प्रश्न पडतो, त्यांनी आधी पिन मोठी करून बघावी. राज्य, जिल्हा हे सगळं त्या पिनवरूनच ठरतं. जवळ आधीपासून ठरलेला हॉटस्पॉट, म्हणजे ई-बर्डवरची सगळ्यांसाठीची ठरावीक जागा, असेल आणि तुम्ही खरोखर त्याच्या हद्दीत असाल तर तोच निवडा. नसाल तर स्वतःची पिन टाका.

तारखेचे घोळ

सकाळी साडेसहाची यादी संध्याकाळची म्हणून चढते. कॅमेऱ्याचं घड्याळ महिनोन्‌महिने चुकीचं असतं आणि फोटोवरून तारीख लावली की पुढचं सगळं सरकतं. वर्षातून दोनदा तरी कॅमेऱ्याचं घड्याळ फोनशी जुळवा.

त्याहून वाईट प्रकार एक्सेलमध्ये होतो. तुम्ही 6/12 लिहिता, म्हणजे 6 डिसेंबर. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर तो 12 जून समजतो. मग ऐन पावसाळ्यात भिगवणला हिवाळ्यातले पट्टकदंब उतरलेले दिसतात. 12 तारखेनंतरच्या नोंदी बरोबर राहतात, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ही चूक चटकन लक्षातही येत नाही. महिना अक्षरांत लिहा.

अॅपने सांगितलं म्हणून लिहिलं

मर्लिन या पक्षी ओळखायच्या अॅपची आवाज ओळखायची सोय चांगली आहे, मी रोज वापरते. पण ती कान टवकारायला सांगते, एवढंच धरा. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, हरेवाही करतो. फणसाडच्या जंगलात एकटा भृंगराज अॅपला पाच जाती 'ऐकवू' शकतो. नाव उमटलं की त्या आवाजाच्या दिशेने बघा, पक्षी शोधा किंवा तो आवाज तुम्हाला स्वतःला ओळखता येतो का ते तपासा. नुसता ऐकलेला पक्षी यादीत चालतो. पावशा न दिसताही कळतो, त्यात गैर काही नाही. पण ओळख तुमची हवी.

दुसरी गफलत नावांची. बंधाऱ्यावरचा पांढऱ्या छातीचा खंड्या आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून नवखे लोक 'कॉमन किंगफिशर' निवडतात. तो मात्र लहानसा निळा धीवर आहे, वेगळी जात. तसंच पांढऱ्या भुवईच्या धोब्याऐवजी 'व्हाइट वॅगटेल' निवडलं जातं आणि मे महिन्यात थंडीचा पाहुणा नोंदवला जातो.

पर्णवटवट्ये, भोवत्यांच्या माद्या, तुतवार यांच्यापुढे भलेभले थांबतात. तिथे 'अमुक किंवा तमुक' किंवा 'पर्णवटवट्याची कुठलीशी जात' असं लिहायची सोय आहे, ती वापरा. आकड्यात ती धरली जात नाही हे खरं, पण खरी आहे. पॅलिड आणि माँटेग्यू भोवत्यांच्या माद्या दूरवरून उडताना बघून ठामपणे एक नाव लिहिणाऱ्यापेक्षा दोन्ही नावं लिहिणाऱ्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

मित्राची यादी जशीच्या तशी घेणं

चौघं मिळून गेलात, एकाने यादी केली आणि बाकीच्यांना वाटून दिली, हीच योग्य पद्धत. त्यामुळे एकच थवा चार वेळा मोजला जात नाही. पण वाटलेली यादी स्वीकारल्यावर त्यातून तुम्ही स्वतः न पाहिलेले, न ऐकलेले पक्षी काढून टाका. तुम्ही चहाच्या टपरीवर असताना मित्राला नवरंग दिसला, तर तो नवरंग मित्राचा. बाकीच्यांच्या यादीला याने धक्का लागत नाही, फक्त तुमची प्रत बदलते.

वहीतला आकडा आणि ई-बर्डच्या अॅपमधला आकडा जुळत नाही

हे विचारणारे बरेच भेटतात. एकेक कारण तपासत जा. वहीत तुम्ही एकाच जातीची दोन रूपं वेगळी मोजली असतील. 'किंवा' असलेल्या नोंदी अॅप धरत नाही. पिंजऱ्यातून सुटलेला बजरीगर अॅप आकड्यात घेत नाही. प्राणिसंग्रहालयातले कोंडलेले पक्षी तर मुळात लिहायचेच नाहीत. मित्राने वाटलेली यादी स्वीकारायची राहून गेली असेल. एखादी यादी अजून फोनमध्येच पडून असेल, पाठवलीच नसेल. अशा याद्या अॅप काढून टाकलं की कायमच्या जातात, हे लक्षात ठेवा. फोन बदलण्याआधी सगळं पाठवा.

शेवटचं कारण जातींच्या फेररचनेचं. ई-बर्डवर ती साधारण वर्षातून एकदा, ऑक्टोबरच्या सुमारास होते. 2022 मध्ये लेसर सँड प्लोव्हर हा चिखल्या सायबेरियन आणि तिबेटन अशा दोन जातींत विभागला गेला. पुढे गायबगळ्याच्याही पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या अशा दोन जाती झाल्या. आपला तो पूर्वेकडचा. नाव बदललं, आकडा तोच. दोन्ही नव्या जाती पाहिल्या असतील तरच एक वाढतो.

पावसाळ्यात दुर्बीण कपाटात ठेवणं

थंडीतले पाहुणे एप्रिलअखेर बहुतेक परततात आणि यादी थांबते, असं वाटतं. पण चातक जूनच्या सुमारास येतो. कोकणातल्या ओढ्यांवर तिबोटी खंड्या तेव्हाच दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेकडे निघालेला युरोपीय नीलपंख थोडे दिवस वाटेत थांबतो. तो चुकला की वर्ष गेलं.

घरट्याच्या जिवावर एक नोंद

इथे मी कडक आहे. तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या मातीच्या भिंतीत बिळात घरटं करतो. आकार चिमणीएवढा, आणि बिळासमोर दहा-बारा कॅमेरे लागले की चोचीतला पालीचा तुकडा घेऊन तो दूरच्या फांदीवर ताटकळत बसतो. पिल्लं आत उपाशी. आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावणं विणीच्या काळात अजिबात नको, कारण आपल्या हद्दीत परका आला समजून तो घरटं सोडून भांडायला धावतो. घरटं किंवा घुबडाची दिवसा बसायची जागा व्हॉट्सअॅपवर टाकू नका. यादी पाठवायला उशीर केला तरी चालतो, पिल्लं उडून गेल्यावर पाठवा. काही संवेदनशील जातींची नेमकी जागा ई-बर्ड स्वतःच झाकून ठेवतं, पण बाकीच्यांची जबाबदारी आपली.

परीक्षकाच्या पत्राचा राग येणं

ई-बर्डवरच्या नोंदी तपासणाऱ्या परीक्षकाचं 'तुमच्या नोंदीबद्दल थोडी माहिती हवी' असं पत्र आलं की पुष्कळांना अपमान वाटतो. पत्र पाठवणारा हाही पक्षीनिरीक्षकच असतो, फुकट काम करतो आणि त्याच्यापुढे अशा शेकडो नोंदी असतात. 'मी पाहिला, मला खात्री आहे' या उत्तराने त्याच्या हाती काही लागत नाही. किती अंतरावरून पाहिला, उजेड कसा होता, चोच, पाय, पंखावरचे पट्टे कसे होते, तसाच दिसणारा दुसरा कुठला पक्षी तो का नव्हता, हे लिहा. त्याच दिवशी वहीत चार ओळी लिहिलेल्या असल्या तर उत्तर पाच मिनिटांत होतं. नोंद चुकली असेल तर यादी उघडून नाव बदलायचं, संपलं.

डिसेंबरअखेर

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात आपला सगळा विदा (डेटा) ई-बर्डवरून उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा. 31 तारखेच्या रात्री घुबडांसाठी बाहेर बसणार असाल तर बारा वाजायच्या आत यादी बंद करा. मग पाणी प्या, मिनिटभर थांबा आणि 1 जानेवारीची नवी यादी उघडा. पिंगळा बहुधा पुन्हा ओरडेल. पहिली ओळ त्याची लिहा, आणि उजाडल्यावर पहिला कावळा दिसला की दुसरी त्याची.