हर्शीला तारणारं दुधाचं कॅरेमल

अमेरिकेतल्या हर्शी चॉकलेट कंपनीचा संस्थापक मिल्टन हर्शी. आधी फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क, दोन्हीकडे त्याचा मिठाईचा धंदा बुडाला. मधल्या काळात डेन्व्हरच्या एका मिठाईवाल्याकडे तो एक गोष्ट शिकला होता: कॅरेमलमध्ये ताजं दूध घातलं की ते मऊ राहतं आणि टिकतंही. त्या जोरावर १८८६ मध्ये त्यानं लँकेस्टरला कारखाना काढला आणि १९०० मध्ये तो १० लाख डॉलरना विकला. १८९४ मध्ये सुरू केलेला चॉकलेटचा धंदा मात्र त्यानं स्वतःकडे ठेवला.

घरी करायचं तर साखर २०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १०० ग्रॅम, फुल क्रीम दूध २५० मिली, क्रीम १०० मिली, लोणी ४० ग्रॅम आणि खाण्याचा सोडा चिमूटभर घ्या. सोडा वगळू नका. त्यानं दूध फाटत नाही आणि रंगही चांगला येतो. पण फेस येतो, म्हणून जाड बुडाचं पातेलं मिश्रणाच्या चौपट मोठं हवं. ग्लुकोजऐवजी लिंबू पिळायचा मोह टाळा, दूध हमखास नासेल.

सगळं एकत्र करून मंद आचेवर साखर पूर्ण विरघळवा. कडेला चिकटलेले कण ओल्या ब्रशनं पुसून घ्या. एक कण राहिला तरी वडी रवाळ होते. मग मध्यम आच करा आणि तळ खरवडत ढवळत राहा. ११८ अंश सेल्सिअसला उतरवा. १२२ च्या पुढे गेलं तर दात दुखतील. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका: गोळीबंद पाक, बोटानं दाबला तर दबणारा.

आधी थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासा. डेन्व्हर सुमारे १६०० मीटर उंचावर आहे, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरलाही जवळपास तसंच. १०० पेक्षा जितकं कमी दिसेल, तितकं ११८ मधून वजा करा.

चिमूटभर मीठ घालून बटर पेपर लावलेल्या १५ सेंटिमीटर चौकोनी डब्यात ओता. चार तासांनी कापा आणि लगेच एकेक तुकडा गुंडाळा. पावसाळ्यात अर्ध्या तासात चिकट होतात.

हर्शी दांपत्याला मूल नव्हतं. १९०९ मध्ये दोघांनी अनाथ मुलग्यांसाठी शाळा काढली, पण तेव्हा ती फक्त गोऱ्यांसाठी होती. ही अट १९६० च्या दशकाच्या अखेरीस गेली. त्याची पत्नी कॅथरीन १९१५ मध्ये वारली. १९१८ मध्ये हर्शीनं कंपनीचे आपले शेअर गाजावाजा न करता शाळेच्या ट्रस्टला दिले. कंपनीवर नियंत्रण आजही त्या ट्रस्टचंच आहे.