पार्लरमध्ये कामाला लागताय? आधी बोर्ड बघा

ब्युटीच्या कोर्सला विजेचा धडा असतो. बहुतेक मुली तो परीक्षेपुरता पाठ करतात. मला विचाराल तर त्यातला एक हिशेब कायम लक्षात ठेवा: वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर.

आपल्याकडे लाइट 230 व्होल्टची. 2000 वॅटचा ड्रायर साधारण 8.7 अँपिअर ओढतो आणि भिंतीवरचं लहान सॉकेट असतं 6 अँपिअरचं. म्हणजे असा ड्रायर 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायचा. प्रत्यक्षात लग्नसराईत एकाच एक्स्टेन्शनवर ड्रायर, स्ट्रेटनर, वॅक्स हीटर सगळं चालू असतं. प्लग गरम लागला, सॉकेट पिवळं पडलं, की ते वापरणं बंद. मालकीणबाई कुरकुरल्या तरी.

"एमसीबी आहे ना, मग कशाला घाबरायचं?" हे नव्या मुली हमखास म्हणतात. एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडून लाइट तोडणारा स्विच. अगं, एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही! 16 अँपिअरची एमसीबी जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं तरच पडते. अंगातून त्याच्या कितीतरी कमी करंट गेला तरी जिवावर बेततं, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते. फेजच्या वायरने गेलेला करंट न्यूट्रलच्या वायरने पुरता परतला नाही, की ती पडते. जुने वायरमन तिला ईएलसीबीच म्हणतात. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते दाबल्यावर पडली नाही तर लगेच वायरमनला बोलवा.

तीन पिनांतली लांब, जाड पिन अर्थिंगची. ती तोडून टू-पिनमध्ये घुसवायची नाही. दोनच पिनांच्या ड्रायरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे दुहेरी इन्सुलेशन. तरी तो बेसिनपाशी नको आणि हेअर वॉशनंतर हात पुसल्याशिवाय धरायचा नाही. वायर ड्रायरला गुंडाळून ठेवली की मुठीपाशी तुटते. चिकटपट्टी लावून भागवू नका.

गॅल्व्हॅनिक फेशियल म्हणजे मशीनने चेहऱ्याला हलका करंट देऊन केलेलं फेशियल. त्याचा करंट अगदी कमी, तोही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा. तरीही क्लायंटला पेसमेकर आहे का, हे आधी विचारायचं. असेल तर ते मशीन लावायचं नाही.

मेन स्विच कुठे आहे, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. कुणी शॉकने चिकटलं तर हात लावायचा नाही. आधी मेन बंद, मग 108 ला फोन.