कट शॉटला साईड देताय? मग या चुका टाळा

पूलमध्ये साधा कट, म्हणजे बॉलला बाजूने मारून तिरका पॉकेटमध्ये घालणं, दहातले आठ वेळा जातो, पण व्हाईटला (स्टिकने मारतो तो पांढरा बॉल) पुढच्या बॉलसाठी नीट जागेवर आणायचा म्हणून जरा साईड दिली, म्हणजे व्हाईटला मध्याच्या डावीउजवीकडे मारून फिरवला, की तोच बॉल पॉकेटच्या तोंडाशी खडखड करून बाहेर, माझं हे वर्षभर चाललं होतं आणि मी बिचाऱ्या पार्लरच्या स्टिकला शिव्या घालत होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निशाणा मधल्या शॉटचाच ठेवून फक्त टिप (स्टिकचं टोक) बाजूला न्यायची. राईट साईड मारली की व्हाईट निघतानाच किंचित डावीकडे ढकलला जातो, लेफ्ट मारली की उजवीकडे, याला स्क्वर्ट म्हणतात. त्यात कुशनच्या (टेबलाच्या रबरी कडेच्या) अडचणीमुळे स्टिक मागून थोडी उचललेली असतेच, त्यामुळे व्हाईट वळून परत साईडच्या दिशेला येतो, आणि हळू मारलेल्या लांब शॉटला हे वळण जास्त दिसतं. म्हणून हळू मारायचं ठरवून निशाणा धरला आणि ऐनवेळी जोरात हाणला तर चुकणारच, तिथे हात खराब नाही, ठरवलेलं बदललं म्हणून बॉल चुकला.

आता दोन बॉल एकमेकांना घासतात त्याचं बघू. बॉल डावीकडे कट करताय असं धरा. व्हाईट घासत पुढे जाताना त्या बॉलला थोडा आपल्या बरोबर ओढतो, म्हणून कट कमी बसतो, आणि हळू स्टन शॉटला (व्हाईट न लोळता नुसता घसरत जाऊन लागतो तो) हे ओढणं सगळ्यात जास्त. इथे राईट साईड दिली तर दोन्ही बॉल गिअरच्या चाकांसारखे एकमेकांवर फिरतात आणि घासणं जवळजवळ संपतं. अर्धा बॉल झाकणाऱ्या म्हणजे 30 अंशाच्या कटला जास्तीत जास्त साईडच्या निम्म्याहून जरा कमीच पुरते. पूलचा बॉल 57 मिमीचा, मध्यापासून 14 मिमीच्या आसपास गेलात की मिसक्यूची, म्हणजे टिप घसरायची भीती, म्हणून 5-6 मिमी बास! आपण बहाद्दर थेट कडेलाच मारतो, मग बॉल उलट जास्तच कट होतो.

अजून एक गैरसमज, साईड दिली की व्हाईट बॉलला लागल्यावर लगेच वळेल. नाही वळत. तिथे टॉप किंवा बॅकचं (व्हाईटला मध्याच्या वर किंवा खाली मारून दिलेल्या फिरकीचं) काम, साईड दिसते ती कुशनला लागल्यावर. त्यामुळे व्हाईट कुशनपर्यंत जाणारच नसेल तर साईड कशाला, उगाच पॉट अवघड करून घ्यायचा.

आणि कधी कधी साईड आपण दिलेलीच नसते, ती आपोआप लागते. हे पकडायला व्हाईटच्या जागी पट्ट्याचा बॉल ठेवा, पट्टा उभा, समोरच्या कुशनकडे तोंड करून, आणि मधोमध मारा. पट्टा चाकासारखा सरळ लोळला तर ठीक, डुगडुगला तर टिप बाजूला लागली. मग बॉल उचलून टिपला लावलेल्या चॉकचा (खडूचा) ठिपका बघा, माझा दरवेळी पट्ट्याच्या उजव्या काठावर असायचा, म्हणजे मी न देताच राईट साईड देत होतो आणि वरून मुद्दाम अजून देत होतो. ठिपका बघून झाला की पुसा, कारण तोच चॉक दोन बॉलच्या मध्ये आला तर बॉल चिकटल्यासारखा होऊन कट कमी बसतो आणि तुम्ही पुन्हा साईडला दोष द्याल.