मुरत जाणाऱ्या बोर्दोची पारख

लोणचे मुरले की नाही हे बरणी भरल्याच्या दिवशी कळत नाही, आणि फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतातल्या मेदोक भागातली भारी रेड वाईनही एकदा चाखून ओळखता येत नाही. एकाच वर्षाच्या एकाच वाईनच्या निदान सहा बाटल्या घ्याव्यात, पहिली त्या हंगामानंतर सहा-सात वर्षांनी उघडावी, पुढच्या दर दोन-तीन वर्षांनी उघडाव्यात आणि प्रत्येक वेळी तारीख घालून टिपण ठेवावे. पारख होते ती या टिपणांच्या तुलनेतून. दोन बाटल्यांमधल्या काळात वाईन कोणत्या दिशेला सरकली, हे एका घोटापेक्षा कितीतरी अधिक सांगते.

सरकते म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे. मेदोकमध्ये काबेर्ने सोव्हिन्योन या द्राक्षाचे प्राबल्य असते आणि त्याच्या जाड सालीतून व बियांतून, शिवाय थोडेसे ओकच्या 225 लिटरच्या पिंपातून, वाईनमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य उतरते. कच्ची सुपारी किंवा हिरडा चघळल्यावर हिरड्यांना जी ओढ जाणवते, ती याच जातीच्या द्रव्यांची असते. बाटलीत वर्षे जातात तसे टॅनिनचे आणि रंगद्रव्याचे कण एकमेकांना जोडून मोठे होतात आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात, म्हणून जुनी वाईन फिकट होते आणि तिचा तुरटपणाही निवतो. त्याच काळात ताज्या फळाचा गंध ओसरत असतो. आंबटपणा मात्र फारसा हलत नाही. त्यामुळे परीक्षकाचा खरा प्रश्न एकच असतो: आधी काय संपणार, तुरटपणा की फळ? तुरटपणा आधी निवला तर वाट पाहण्याचे चीज झाले. फळ आधी संपले, तर हाती कोरडा, आंबट सांगाडा उरतो, मग बाटलीची किंमत काहीही असो.

किमतीवर किंवा श्रेणीवर विसंबू नये. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारभाव पाहून मेदोकच्या वाइन्सच्या पाच श्रेणी लावल्या आणि 1973 मध्ये मूताँ रॉथशिल्ड या घराण्याच्या वाईनला पहिल्या श्रेणीत घेतले, तो अपवाद धरला तर ती यादी जवळपास तशीच आहे. बाटलीतल्या विशिष्ट हंगामाविषयी ती काही बोलत नाही. 2010 ची घट्ट बांध्याची वाईन आणि 2013 सारख्या थंड, पावसाळी वर्षाची हलकी वाईन एकाच घराण्याच्या असल्या तरी त्यांना सारखाच काळ देणे चुकीचे ठरेल. नाशिकच्या बहुतेक रेड वाईन तर काही वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात, त्यांना या कसोटीवर तोलणे अन्यायाचे होईल.

बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. वाईनची पातळी मानेत असेल तर ठीक. वीस वर्षांच्या बाटलीत ती मानेच्या तळापर्यंत उतरलेली चालते, पण खांद्याच्या मध्याखाली गेली असेल तर हवा शिरल्याचा संशय धरावा. बूच वर सरकलेले दिसले तर बाटलीने कुठेतरी उन्हाळा सोसला आहे असे समजावे. जुने बूच भुसभुशीत असते, त्यासाठी दोन पात्यांचा चिमट्यासारखा ओपनर बरा. वाढण्याचे तापमान 16 ते 18 अंश असावे. ‘खोलीचे तापमान’ हा युरोपातला सल्ला मुंबईच्या खोलीला लागू नाही, येथे बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावीच लागते. कोवळी वाईन दोन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओतावी. वीस-पंचवीस वर्षांची मात्र मानेमागे दिवा धरून, गाळ मानेशी येताच थांबून, अगदी आयत्या वेळी ओतावी, कारण तिचा नाजूक गंध हवेत लवकर विरतो.

ग्लास एक तृतीयांश भरून पांढऱ्या कागदावर तिरका धरावा आणि कडेचा रंग पाहावा. जांभळा म्हणजे कोवळी, माणकासारखा म्हणजे मध्यम वयाची, विटकरी म्हणजे वयस्क. दहा वर्षांच्या आत कड विटकरी झाली असेल तर साठवण चुकल्याची शक्यता असते. गंध आधी ग्लास न हलवता घ्यावा, कारण दोष तेव्हाच पकडता येतात: भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास बुचाचा दोष सांगतो, नेलपॉलिशचा वास आंबत चाललेल्या वाईनचा, आणि शिजवलेल्या फळाचा वास उष्णतेचा. मग ग्लास फिरवावा. कोवळेपणी जांभूळ-करवंदाकडे झुकणारे काळे फळ आणि शिसपेन्सिलीचे लाकूड येते. वयानुसार तंबाखू, चामडे, भिजलेला पालापाचोळा आणि अळंबी येतात. हे दुसरे गंध फळाच्या सोबतीने आले तर उत्तम, फळाच्या जागी आले तर उताराची सुरुवात समजावी.

घोट तोंडभर फिरवून तुरटपणा बारीक आहे की खरखरीत, हे पाहावे आणि गिळल्यानंतर चव किती सेकंद टिकते ते मोजावे. कधीकधी सात-आठ वर्षांच्या सुमारास चांगली वाईनही मुकी होते, गंध देत नाही. त्या वेळी निकाल देऊ नये. अशा बाटलीतला एक ग्लास झाकून दुसऱ्या दिवशी चाखावा. तो खुलला असेल तर तिच्यात अजून दम आहे.

एखादी बाटली निराशाजनक निघाली तर महिन्याभरात दुसरी उघडून खात्री करावी, कारण जुन्या बुचांमुळे बाटलीगणिक फरक पडतो. दोन्हींत मागच्या टिपणापेक्षा फळ ओसरलेले आणि तुरटपणा तसाच कोरडा आढळला, तर उरलेल्या बाटल्या जपून ठेवू नयेत, वर्षभरात जेवणासोबत उघडाव्यात. मटणाच्या रश्शापेक्षा साधे भाजलेले मांस तिला अधिक मानवते.