परत तसं वर्ष आलं तर काय काय हाताशी हवं

मंडळी, आपल्या संस्थेचा चार्ज नव्या कमिटीला देताना पासबुक, मिनिट्सची फाइल, शिक्का सगळं दिलंय, पण २०२० मध्ये, कोरोनात आपली जी फजिती झाली ती कुठल्याच फाइलमध्ये नाहीये, म्हणून हे बसून टाइप करतोय. देव करो नि परत तसं वर्ष न येवो, पण आपण खाणीतली माणसं, ‘काही होणार नाही’ यावर आपण तरी विश्वास ठेवू नये.

सुरुवात किल्लीपासून. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, दोन दिवसांत खरा लॉकडाऊन लागला आणि आपलं सभासद रजिस्टर, चेकबुक, ऑडिटची कागदं सगळं सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत, गोदरेजच्या कपाटात. एप्रिलमध्ये पेठा सील झाल्या, मग कपाट तिथे नि आपण इथे. तेव्हा रजिस्टरचं प्रत्येक पान स्कॅन करून तिघांच्या ड्राइव्हवर ठेवा, तिघांच्याच, अख्ख्या ग्रुपवर नको, त्यात लोकांचे पत्ते-फोन आहेत. चेकवर सही करायला दोघं लागतात, त्यातले आपले खजिनदार लेकीकडे नागपूरला गेले ते तिथेच अडकले, ई-पाससाठी तीनदा अर्ज केला तेव्हा कुठे आले, तोवर खोलीचं भाडं मी खिशातून भरलं (मिळालं नंतर, तक्रार नाही). सह्यांसाठी बँकेत तीन नावं द्या आणि त्यातली दोन तरी पुण्यातच राहणारी असू देत.

वेबिनारचं फार लांबण लावत नाही कारण मला विचाराल तर आपण ते अतीच केले. एप्रिल-मेमध्ये जो तो वेबिनार घेत होता म्हणून आपणही, आणि निम्मे लोक सर्टिफिकेटसाठी नाव लावून व्हिडिओ बंद करून भाजी निवडत बसायचे. तरी घ्यायचेच असतील तर चाळीस मिनिटांच्या फुकट झूमवर घेऊ नका, पहिल्याच वेळी वक्ते फॅक्टर ऑफ सेफ्टीच्या (उतार टिकेल की घसरेल ते सांगणारा आकडा) स्लाइडवर आले आणि लाइन कट, परत जॉइन झाले ते अर्धेच. शिवाय त्या एप्रिलमध्ये गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नाही म्हणून सांगितलं, तर सरकारी कोळसा कंपन्यांतले आपले सभासद यायलाच कचरायला लागले, म्हणून दुसरा एक प्लॅटफॉर्म आधीच वापरून ठेवा. गुरुवार टाळा, गुरुवारी लाइट जाते हे पुण्यात कुणाला सांगायला नको. आणि वक्त्याचा पीपीटी आदल्या दिवशी मागून ठेवा, ३ जूनला निसर्ग वादळात आपल्या वक्त्यांकडे दुपारपासून वीज नव्हती, शेवटी ते मोबाइलवरून बोलले नि स्लाइड मी इकडून सरकवल्या, अंदाजाने, दोनदा चुकून पुढची.

आता खरं काम. ऑफिसं बंद होती पण कोळसा खाणी एक दिवस बंद नव्हत्या, वीज तर सगळ्यांना घरी लागतच होती. ओबी (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरची माती-दगड) निघत होतं, त्याचे ढीग म्हणजे डम्प वाढत होते आणि दरवर्षी मेमध्ये आपली टीम वणी-चंद्रपूरकडे पावसाळ्याआधीच्या पाहणीला जाते ती गेलीच नाही. नियम कागदावर आहेतच, स्पॉइल बँकेचा, म्हणजे या डम्पचाच, उतार ३७.५ अंशांच्या वर नको, उंची ३० मीटरपेक्षा जास्त झाली तर बेंच (पायऱ्या) पाडा, पण नियम पाळलाय का ते तिथे उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवर भेगांचे फोटो यायला लागले, रोज दहा-बारा, आणि एकावरून काही कळेल तर शपथ. भेग बोटभर आहे की हातभर, क्रेस्टपासून (उताराच्या वरच्या कडेपासून) किती लांब, उत्तर दिशा कुठे, काहीच नाही. एका ओव्हरमनने (खाणीतल्या पाळीच्या सुपरवायझरने) मात्र भेगेशेजारी पार्ले-जीचा पुडा ठेवून फोटो काढला होता, सगळ्यात कामाचा फोटो तोच.

म्हणून फोटो कसा काढायचा याचं एक पान मराठी आणि हिंदीत आत्ताच तयार करून साइटवरच्या लोकांना पाठवा, मेची वाट बघू नका. फोटोत टेप किंवा निदान पेन हवं, एक फोटो जवळून, एक लांबून, खाली तारीख-वेळ. त्यात हेही लिहा की तिकडे वरचा थर काळ्या मातीचा, ती मेमध्ये आपोआपच तडकते, त्या भेगा जाळीसारख्या सगळीकडे असतात, त्यांनी घाबरायचं नाही. पण एकच लांब भेग क्रेस्टला समांतर चाललीये, किंचित कमानीसारखी वळलीये आणि तिच्या एका बाजूची जमीन दोन बोटं खाली बसलीये, तर फोटो नंतर, आधी खालची माणसं नि मशिनरी हलवा आणि मॅनेजरला फोन करा.

अशा भेगेवर लक्ष ठेवायचं तर दोन्ही बाजूंना एकेक खुंटी आणि टेप, माप घेणाऱ्याला उभं राहणं सुरक्षित आहे तोवरच, रोज एकाच वेळी. अंतर किती वाढलं त्यावरून दिवसाचा वेग काढायचा, १ या आकड्याला त्या वेगाने भागायचं आणि तो आकडा ग्राफपेपरवर तारखेसमोर टाकत जायचं, रेघ खाली खाली आली की ती जिथे शून्याला टेकेल त्या तारखेच्या आसपास घसरण. फुकुझोनो या जपानी संशोधकाने १९८५ मध्ये मांडलेली पद्धत, आपल्यातल्या निम्म्यांनी परीक्षेपुरती पाठ केलेली. त्या तारखेपर्यंत थांबायचं नसतं हे ठळक लिहा, सांध्यांवरून (खडकातल्या मूळच्या चिरांवरून) सुटणारा खडक सूचना देत बसत नाही आणि एका रात्रीचा पाऊस सगळा हिशोब मोडतो. उताराची हालचाल टिपणारं रडार असेल तर सोन्याहून पिवळं, अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यनमध्ये १० एप्रिल २०१३ ला केवढा डोंगर उतरला पण आधी कळलं होतं, खाण रिकामी होती, एकही माणूस गेला नाही. मोशी-वाघोलीच्या क्वारीवाल्याला (दगडखाणवाल्याला) रडार कोण देणार, त्याला खुंट्या नि टेपच.

हे पान तेव्हा तयार नव्हतं याची बोचणी मला २ जुलैला लागली. म्यानमारमध्ये हपाकांतच्या जेड खाणीत मुसळधार पावसात टाकाऊ मातीचा ढीग खालच्या पाण्यात कोसळला, चिखलाची लाट आली आणि १७० च्या वर माणसं गेली. व्हिडिओ सगळ्यांनी फॉरवर्ड केला, ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडले, आणि आपण मात्र त्या आठवड्यात वेबिनारच्या बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावर भांडत होतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघांनी साइटवाल्यांना रोज सकाळी फोन लावायला सुरुवात केली, पाऊस किती, पंप चालू आहेत का, टोला (उताराच्या पायथ्याशी) पाणी साचलंय का. अख्ख्या वर्षात संस्थेने काही धड केलं असेल तर ते हे. म्हणून यादी करा, सचिवांची नाही, सर्वेअर-ओव्हरमनच्या फोनची, आणि दर एप्रिलला प्रत्येक नंबर लावून बघा.

कोअर बॉक्सचं (ड्रिलिंगमधून निघालेल्या खडकाच्या कांड्या ठेवायच्या पेट्या) विसरत होतो. वर्कशॉपसाठी बेसॉल्ट, शेल (थराथरांचा मऊ खडक) आणि चिकणमातीचे तीन बॉक्स मार्चमध्ये आणून ठेवले होते, ऑक्टोबरमध्ये उघडले तर बेसॉल्ट जसाच्या तसा नि बाकी सगळं चहात बुडवून काढलेल्या बिस्किटासारखं. आरक्यूडीसाठी (खडक किती अखंड आहे त्याचं माप) १० सेंटिमीटरच्या वरचे तुकडे मोजायचे, इथे मोजायला तुकडाच नव्हता. कोअर आला की त्याच दिवशी टेप ठेवून फोटो, लॉगिंग, क्लिंग फिल्म आणि मेण.

अजून एक, लिहायला जड जातंय. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपले एक ज्येष्ठ सभासद गेले आणि मे महिन्यात वर्गणी थकल्याचा ऑटोमॅटिक मेल त्यांच्याच आयडीवर गेला, तो त्यांच्या सूनबाईंनी वाचला. त्यांचा फोन आला तेव्हा मला काय बोलावं सुचेना, आणि त्याच शांतपणे म्हणाल्या, किती भरायचेत सांगा. ती सेटिंग मी बंद केलीये, परत चालू करू नका, वर्गणीचा मेल माणसाने नाव वाचून पाठवायचा. फॉर्मवर घरच्या एकाचा नंबर घ्या, आणि अशा वर्षी लेट फी लावू नका.

एजीएमचं (वार्षिक सभेचं) काय करायचं ते सीएंना विचारूनच ठरवा, मी सांगितलं तर चूक निघेल. कपाटाची दुसरी किल्ली अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, शनिवारी दहाच्या आत कुणीतरी येऊन घेऊन जा, नंतर मी घरी नाहीये.